हेडाचे चौदा बोल्ट

आमच्या घरातून आजवर एकही बोल्ट बाहेर फेकला गेलेला नाही. वाकडा खिळा मी ठोकून सरळ करतो, वायसर तारेत ओवून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत झाली (त्यातली तिसरी दोनदा), पण लोखंडाच्या बाबतीत मला शिकवेल असा माणूस जिल्ह्यात जन्मला नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

नातवाचं, गोपालचं, लगन दुसरबीडकडच्या पोरीशी जमलं. मी भर बैठकीत बोलून बसलो, "नवरदेव भाड्याच्या गाडीत येणार नाही. आमच्या घरच्या ट्रॅक्टरवर येईन!" बोललो तर खरं, पण ट्रॅक्टरचं इंजिन दुरुस्तीला आलं होतं. शब्बीर मिस्त्रीने अंगणातच ते खोललं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, गॅस्केट नवं, सगळं मी कबूल केलं. मग इंजिनाच्या झाकणावर, म्हणजे हेडावर, बोट ठेवून तो म्हणे, "आबा, हेडाचे चौदा बोल्टबी नवेच लागतीन."

"काऊन? तुटले का?"

"तुटले नाही, ताणले. हे बोल्ट एकदा आवळले का ताणतात. दुसऱ्या खेपेले हेड धरत नाही."

"लोखंड हाये बे ते! चड्डीचं इलास्टिक हाये का?"

माझ्या पोराने, सुभाषने, मला न विचारता बुलढाण्याहून नवे बोल्ट आणले. शब्बीरने जुना अन् नवा बोल्ट शेजारी उभा करून दाखवला. जुना खरंच केसभर लांब निघाला.

"पाह्यलं आबा?"

"पाह्यलं ना! जुना मोठा हाये. म्हणजे तोच चांगला!"

शब्बीरने कपाळावर हात मारून घेतला. (हात तेलकट होता. कपाळ दोन दिवस काळं होतं.)

एवढ्यावर ऐकलं असतं तर मी कसला! जुने चौदा बोल्ट आधी घासलेटात, मग चिंचेच्या पाण्यात बुडवले अन् राखेने असे घासले, की देव्हाऱ्यातली समई लाजावी. दुपारी शब्बीर जेवायला गेला, तसे नवे बोल्ट कागदासकट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, अन् जुने तेल लावून कंपनीच्या खोक्यात! डबा गव्हाच्या कोठीमागं सारला. नवे बोल्ट पुढच्या पिढीच्या कामी येतील, हा विचार. (चोरी म्हणू नका. आपलीच वस्तू, आपल्याच घरात.)

बोल्ट आवळताना शब्बीर मधेच थबकला. "आबा, हे नरम काऊन लागून राह्यले?"

"बोल्ट नरम नाही, तुहे हात नरम झाले. मोबाईल घासू घासू!"

बिचारा पुन्हा पाना फिरवू लागला. ट्रॅक्टर फिरवून पाहिला, तर घोड्यावानी पळाला. मी मिशीवरून हात फिरवला.

लग्नाच्या दिवशी ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, वर फेटा बांधून नवरदेव, मडगार्डवर मी, मागं ट्रॉलीत वऱ्हाड. नवरीचं गाव दिसू लागलं, बँडवाले पुढं आले, अन् शेवटच्या चढावर इंजिनाने "फुस्स" केलं. मग पांढरा धूर! नवरदेव दिसेना. बँडवाल्यांना वाटलं, धुराचं मशीन लावलं. ते आणखी जोरात वाजवू लागले! सुभाषने तेलाची पट्टी ओढून पाहिली. हेडातून पाणी शिरून तेलाचा पार दुधाचा चहा झालेला.

शेवटी नवरीकडचा ट्रॅक्टर आला. साखळी बांधली. 'आमच्या घरचा ट्रॅक्टर' नवरीच्या मांडवात शेळीसारखा मागं मागं गेला, अन् त्याच्यावर वाफेने ओल्या झालेल्या फेट्यातला नवरदेव.

लगन लागलं, पण पंगतीत एकच विषय.

"मिस्त्री, तुमच्या भरवशावर नवरदेव बसवला होता!" सुभाष म्हणाला.

"आमच्याकडं तर याच्या हाती कुणी सायकलबी देनार नाही," व्याही म्हणाले.

शब्बीर पांढरा शर्ट घालून पाहुणा म्हणून आलेला. वीस वर्षांचं त्याचं नाव त्या मांडवात पत्रावळीसारखं उडत होतं. तो हळूच म्हणाला, "उद्या पाच माणसांसमोर हेड खोलतो. माही चूक निघाली तर पाना हाती धरणार नाही."

मी खाली मान घालून बसलो. समोरची जिलबी तशीच. (बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.)

मग ती विहीणबाईंची ओटी भरायला गेली. खण, नारळ झाले, अन् तिने ओटीत लाडवांचा डबा ठेवला. विहीणबाईंचा पदर गुडघ्यापर्यंत खाली आला.

"अगं बाई, लई जड हाय हो!"

"घरचं तूप हाये त्यात," बायको ऐटीत म्हणाली.

डबा उघडला. तेलकट कागद. त्यात चौदा कोरे करकरीत बोल्ट!

(कोठीमागची जागा मला एकट्यालाच ठाऊक, असं मी समजत होतो. बायकोनेही पोरांपासून लाडू तिथंच लपवले होते. तसल्याच डब्यात.)

सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला. मी छाती काढली. "आमच्या घराण्याचा रिवाज हाये! संसार घट्ट राहावा म्हणून."

विहीणबाई भल्या. त्यांनी बोल्टांना हळदकुंकू वाहिलं! शब्बीर पुढं आला, एक बोल्ट उचलला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो.

"आता बोल्ट पाहून काय उपयोग, मिस्त्री?" व्याही हसले. "आधी काम शिकून या."

शब्बीरने बोल्ट डब्यात ठेवला अन् मांडवाबाहेर आपल्या चपला शोधू लागला. तेव्हा मात्र मला बसवेना.

"थांब बे शब्बीर!" मी उभा राहून ओरडलो. "याचं काम शंभर टक्के हाये. बोल्ट म्याच बदलले. नवे हे इथं हायेत, अन् जुने इंजिनात!"

पहिली हसली ती नवी नवरी. मुंडावळ्या हलेपर्यंत हसली! मग मांडव.

शब्बीर चपला सोडून परत आला. "आबा, आता सांगा. नरम काय होतं? बोल्ट, का माहे हात?"

"डोक्स," माझी बायको माझ्याकडे बोट करून म्हणाली. "यायचं."

शब्बीरने हळदकुंकवासकट तेच बोल्ट बसवले. ट्रॅक्टर अजून ठणठणीत आहे. जुने चौदा मात्र त्याने नाल्यात फेकले. (मी तेरा शोधून आणले. चौदावा दुसऱ्या दिवशी सापडला.)

आता धाकट्या नातवाचं जमलं आहे. गोष्ट तालुकाभर झालेली, त्यामुळे नव्या व्याह्यांनी फोनवर हसत हसत सांगितलं, "आबा, आम्हाले काही नको. तुमच्या रिवाजाचे चौदा बोल्ट तेवढे आणा. अन् नवेच आणा!"

"आणतो की!" मी म्हटलं.

जुने चौदा कालच चिंचेच्या पाण्यात घातले.