अंगाईखालचे सूर

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला झिंज भागात राहत होतो. नवरा बँकेत, मी घरी, मांडीवर तान्ही लेक. एका दुपारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे इंग्रज आजोबा. ते नर्स असलेल्या मुलीकडे राहायला आले होते. मला वाटलं, बाळाच्या रडण्याची तक्रार असणार.

"तुम्ही रोज दुपारी एक गाणं गाता," ते म्हणाले. "पुन्हा गाल?"

ती माझ्या आईची अंगाई. मी संकोचतच गायले. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, आणि आमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून ती स्वरलिपीत लिहायला घेतली. समोर पियानो नाही, पेटी नाही. "इथे व्हायोलिन... इथे चेलो," एवढंच पुटपुटत होते. चहा निवून गेला.

मग ते येतच राहिले. तरुणपणी समुद्रकाठच्या एका हॉटेलात ते पियानो वाजवायचे. पुढे रेडिओच्या वाद्यवृंदासाठी वर्षानुवर्षं चाली रचल्या, इतरांच्या चाली वाद्यांवर बसवल्या. "बटाटे सोलताना ऐकायचं संगीत!" ते हसायचे. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी देशभर ऐकू जायचं. लोक गुणगुणायचे, पण हे कोणी केलं ते कुणालाच माहीत नसायचं. मग आवडी बदलल्या, वाद्यवृंद बंद पडले, काम संपलं.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. कितीतरी दिवस पियानो उघडलाच नाही."

त्या हिवाळ्यात त्यांनी एका कार्यक्रमासाठी हौशी मंडळी जमवली. बँकवाले, नर्सेस, हॉटेलात वाजवणारे दोन गोवेकर. राजधानी मनामातल्या एका क्लबात तालीम होती, मला मुद्दाम बोलावलं. वादकांसमोर उभं राहून त्यांनी हात उचलला.

आधी एकटं व्हायोलिन, आईची अंगाई जशीच्या तशी. मग तिच्याखाली एकेक वाद्य येत गेलं. एकाच वेळी कितीतरी वेगवेगळे सूर, आणि चाल मात्र त्यांच्यावर निवांत तरंगत होती. आईच्या गाण्याखाली एवढी खोल जागा आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं.

"तुम्ही काहीच बदललं नाहीत," मी नंतर म्हटलं.

"कशाला बदलू? ती एकटी होती, मी फक्त सोबत दिली."

उन्हाळ्याआधी ते मायदेशी परतले. कार्यक्रमाची कॅसेट मी साताऱ्याला आईकडे पाठवली. ती ऐकून आईने फोन केला.

"अगं, ही माझीच ना?" ती म्हणाली. "एवढी मोठी होती ती?"