पिकू दिलेलं गळू

बसायच्या जागी गळू झालं, हे बायकोला सांगायची मला लाज वाटली. पस्तीस वर्षांचा संसार, तरीही. मूळव्याध आहे असं ठोकून दिलं आणि मोकळा झालो.

आमच्याकडे गळू पिकू देतात. जवसाचं गरम पोटीस बांधायचं आणि वाट पाहायची. चार दिवस न्हाणीघरात कडी लावून मी स्वतःच पोटीस बांधलं आणि रामाकोना गावातल्या आमच्या बागेत एका कुशीवर रेलून संत्र्याची तोड पाहत राहिलो. मला शुगर आहे. गोळ्या मात्र लहर आली तरच घ्यायचो, इतका मी शहाणा.

पाचव्या दिवशी हुडहुडी भरली आणि खोलीत घाण वास सुटला. बायको पाहते म्हणाली, तर मी तिच्यावर खेकसलो. तिनं शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि मला तालुक्याला, सौंसरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चादर उचलून पाहिलं आणि लगेच नागपूरची चिठ्ठी लिहायला बसले. तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

नागपूरची सर्जन माझ्या मुलीच्या वयाची. तिच्यासमोर पालथं पडताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतलं मांस सडून काळं पडलंय, ते पसरत चाललंय, आजच कापलं नाही तर जीव जाईल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. किती कापणार, मी विचारलं.

"चांगलं रक्त येईल तिथे थांबू. काळं जरासुद्धा ठेवता येणार नाही. उद्या पुन्हा उघडून पाहावं लागेल."

हे काम मला माहीत होतं. संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागला की सडलेली साल आम्ही चाकूनं खरवडतो, निरोगी साल दिसेपर्यंत. मागच्या वर्षी एका झाडाची साल चहूकडून निघत चालली, म्हणून मला दया आली आणि दोन बोटं सडक्या सालीची पट्टी मी तशीच ठेवली. वरून झाड हिरवंगार होतं. पावसाळा संपता संपता ते उभ्याउभ्या वाळलं. स्ट्रेचरवर मला तेच झाड दिसत होतं.

"मॅडम, माह्यावर दया नका करू," मी म्हणालो. तापात बरळतोय असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी खरंच पुन्हा कापलं. जखम उघडीच ठेवली, आतून भरून येण्यासाठी. तिसऱ्या दिवशी नर्स पट्टी सोडायला आली. मला स्वतःला काही दिसत नव्हतं आणि परक्या माणसाच्या शब्दावर भरवसा बसत नव्हता. बायकोला मीच दरवेळी बाहेर काढत होतो. तिला आत बोलावलं.

"पाह्य न. काळं हाय काय अजून?"

ती वाकली. मी उशी घट्ट धरून पडून होतो.

"लाल हाय सगळं," ती म्हणाली. "चार दिवस लपवून राहिले तुमी. मले सांगाले काय झालं होतं?"

ती चिडली होती. आणि तिचं ते चिडणं ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, की आपण घरी जाणार.