पेन उचलायचं नाही

बदलापूर पश्चिमेला माझ्या मामेसासऱ्यांनी जेवढी माणसं रडवली, तेवढी तिथल्या बाजारातल्या कांद्यांनीही रडवली नसतील. आणि हे सगळं कुणाला एक वाकडा शब्द न बोलता, केवळ एक अगरबत्ती लावून. मी नवी नवरी म्हणून त्यांच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी पाया पडायला गेले, तेव्हा मी वाकले ती सरळ होण्याआधीच त्यांनी विचारलं, "तुझ्या माहेरी दारामागे काय टांगलेलं असायचं गं?" मी गोंधळून म्हटलं, छत्री. "बोलू नकोस, लिही," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पाठकोरा कागद आणि पेन दिलं आणि अगरबत्ती पेटवली. ती विझेपर्यंत पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, विचार तर मुळीच करायचा नाही. वडिलांच्या छत्रीपासून निघालेली मी कुठल्या कुठे पोचले आणि बनारसी शालूच्या पदराला नाक पुसत बसले. सासूबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, आतून ओरडल्या, "पोर अजून उंबऱ्यातून आत नाय आली नि रडवलीस व्हय रे तिला!" मामा मात्र परीक्षेचा निकाल मनासारखा लागल्यासारखे प्रसन्न दिसत होते.

मामांनी सगळी नोकरी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, भोंग्याच्या तालावर काढली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं खेळवतात, निदान बायकोच्या स्वयंपाकात लुडबूड करतात. मामांना उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्याला पुढचं कव्हर नव्हतं आणि मागची पानं बहुधा कुणाच्या तरी भेळेबरोबर गेली होती. लिहून लिहून स्वतःला कसं शोधावं, असा काहीसा त्याचा विषय होता. एक लहानसा प्रश्न घ्यायचा आणि हात न थांबवता लिहीत सुटायचं. काहीच सुचलं नाही तर "आठवत नाही, आठवत नाही" असं लिहीत राहायचं, पण हात चालू ठेवायचा. पुस्तकात घड्याळ लावायला सांगितलं होतं. मामांच्या मते घड्याळ माणसाला कामावर गेल्यासारखं वाटायला लावतं, म्हणून त्यांनी अगरबत्ती आणली.

अडचण एवढीच झाली, की लिहिलेल्या कागदांचं पुढे काय करायचं हे त्या भेळेत गेलेल्या पानांत होतं. मामांनी बराच विचार केला आणि ज्याला वाचून दाखवायचं त्याने दाखवावं, मग कागद बंबात घालावा, असा नियम स्वतःच केला. त्यामुळे दर रविवारी त्यांच्याकडे जमणाऱ्या मंडळींच्या बालपणावर त्यांचं सोमवारच्या आंघोळीचं पाणी तापत असे. "तुझ्या पहिलीच्या बाईंवर फार छान कढत निघालं हो," असं त्यांनी एकदा मला मनापासून सांगितलं होतं. मामींचा या साहित्यसेवेला पूर्ण पाठिंबा होता, कारण बंबाच्या ढलप्यांचा खर्च निम्म्यावर आला होता.

प्रश्न विचारायला त्यांना स्थळकाळाचं बंधन नव्हतं. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला, की "पहिलं ओझं कुणाचं उचललंस रे?" असं विचारून ते त्याला तिथेच थांबवून ठेवत. एका लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी नवऱ्या मुलाला "तू लहानपणी कशाला घाबरायचास?" असं विचारलं आणि मुलीकडच्या माणसांनी त्याच्याकडे उगीचच संशयाने पाहिलं. उल्हासनगरला शर्टाचं कापड घ्यायला गेले, तर तिथल्या सिंधी शेठना गल्ल्यावरच लिहायला बसवलं. गिऱ्हाइकं ताटकळत उभी, आणि शेठ आपले बिलाच्या पाठीवर उजवीकडून डावीकडे भराभर लिहीत होते. "साईं, मेरे घर का दरवाजा निळा होता, मामाजी," ते डोळे पुसत म्हणाले, "चाळीस साल में किसी ने पूछाच नाही." मामांना त्या लिपीतलं अक्षरही वाचता येत नव्हतं. "हात थांबला नाही ना? मग झालं," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून शेठ रविवारी दुकान पोरावर टाकून बदलापूरला येऊ लागले.

एवढ्या सगळ्यांना लिहायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र कधीच लिहीत नसे. तो आपला अगरबत्तीकडे बघत बसे. मला वाटायचं, मास्तरांनी स्वतः गणित सोडवायचं नसतं तसं काहीतरी असेल. एकदा ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले होते, तेव्हा मी थट्टेत म्हटलं, "मामा, तुमचं पाणी नेहमी आमच्याच जिवावर तापायचं का?" ते हसले नाहीत. थोडं चालून म्हणाले, "मला आई आठवत नाही गं. एवढीशीसुद्धा नाही. मी धड चालायला लागायच्या आत ती गेली. फोटो नाही, काही नाही. तुम्ही सगळे लिहिता, तेव्हा मी मनातल्या मनात तोच प्रश्न स्वतःला लावून बघतो. कुठल्या तरी शब्दाला धरून एक दिवस ती येईल असं वाटतं."

"मग सासूबाईंना विचारा की," मी म्हटलं. त्या तर आईच्या हाताखाली बऱ्याच मोठ्या झालेल्या होत्या. मामा रस्त्यातच थांबले. "तिला कसं विचारू? मला तिनं वाढवलं. स्वतःचं लग्न लांबवलं माझ्यापायी. आणि आता म्हातारपणी मी तिला विचारू, की माझी आई कशी होती? तिला काय वाटेल?"

पुढे एका उन्हाळ्यात सासूबाई मामींना पापड लाटायला मदत म्हणून हेंद्रेपाड्याला येऊन राहिल्या होत्या. लिहिण्याच्या या उद्योगावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "लिवून काय पोट भरतंय?" असं म्हणून त्या स्वयंपाकघरात पोळपाट घेऊन बसल्या. त्या रविवारी शेठनी बंड केलं. मामांनी अगरबत्ती पेटवताच त्यांनी ती काढून आपल्या हातात धरली. "मामाजी, सबको लिखवाया. आज तुम्ही लिहा. सवाल मैं देता हूँ. तुम्हाला कडेवर कोणी घेतलं होतं, सबसे पहले?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मामांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी पेन उचललं. आधी त्यांचा हात सारखा एकाच लयीत हलत होता, म्हणजे ते "आठवत नाही" लिहीत असणार हे आम्हाला सरावाने कळत होतं. तसंच कितीतरी वेळ चाललं. मला तर शेठच्या हातून ती अगरबत्ती घेऊन विझवावीशी वाटायला लागली. मग एकाएकी हात अडखळला आणि घाईघाईने पळू लागला. संपल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि वाचलं, "आठवत नाही, आठवत नाही. उंचावर. ऊन. हलतंय. पोटरीला काहीतरी गार लागतंय. लोखंड आहे. किल्ली. तिच्या कमरेला किल्ली होती." त्यांनी मान वर केली. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधीच बघितला नव्हता. "सापडली," ते म्हणाले.

"किल्ली नाय ती."

सासूबाई पिठाचे हात घेऊन दारात उभ्या होत्या. मामांचा चेहरा एकदम उतरला. शाळेत खोटं बोलताना पकडलेल्या मुलासारखे ते म्हणाले, "मग ताई, मी मनानंच रचलं का गं?"

"आपल्या घराला कुलूप तरी कुठं व्हतं रे किल्लीला? इळा व्हता तो. तुला कडेवर मारून आय बांधावर जायाची, तवा इळा कमरेला खोचलेला असायचा. तुला लागू नये म्हणून धार भायेर करायची नि पाठ तुझ्याकडं. तेच गार लागलं असंल तुला." मग त्यांनी पिठाच्या बोटाने आपलं मनगट दाखवलं. "तेच तिला नडायचं. चालताना धार तिच्याच हाताला लागायची. ह्या इथं. पर कधी उलटा खोचला नाय तिनं."

मामा आपली पोटरी धरून बसले होते. शेठ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामा म्हणाले, "मी तुला कधी विचारलंच नाही गं, ताई. तुला वाईट वाटेल म्हणून."

"नि मी वाट बघत बसले, तू कदी इचारशील म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "मी तरी कुणाशी बोलायचं तिच्याबद्दल? तिला बघितलेलं दुसरं हाय कोण आता?"

मामा उठून आत गेले आणि पोळपाटासमोर मांडी घालून बसले. सासूबाईंनी लाटणं हातात घेतलं आणि बोलायला सुरुवात केली, ती हलक्या आवाजात, त्या दोघांपुरतीच. मामी हळूच बाहेर येऊन आमच्यात बसल्या. चहाची वेळ टळून गेली होती, पण त्या दिवशी तो मागायचं कुणाच्या मनात आलं नाही.