मधल्या भिंतीचे पाच इंच

आत्याला गळ्यात टेप नसताना मी फक्त दोनदा पाहिलं आहे. एकदा माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत, आणि दुसऱ्यांदा त्या शुक्रवारी, ज्याची ही हकिकत आहे. मधली चौतीस वर्षं ती पिवळी कापडी टेप आंघोळीपुरतीच काय ती खाली उतरायची.

आत्या शिवणकाम करते. लग्न केलं नाही. "मापात बसेल असा कुणी भेटला नाही," असं सांगते आणि पुढे विचारायची कुणाची छाती होत नाही. तिनं शिवलेला कपडा कधी परत आला नाही. भांडणं मात्र रग्गड झाली, आणि ती सगळी कापडवाल्यांशी. गिऱ्हाइकानं अडीच मीटर म्हणून आणलेलं कापड ती आधी मोजायची आणि ते दर वेळी दोन-तीन इंच कमी भरायचं. मग ही तरातरा दुकानात जाऊन चारचौघांत त्या माणसाची लक्तरं काढायची. त्यानं लोखंडी गज पुढे केला, तर म्हणायची, "गजच घासून आखूड केलाय मेल्यांनी. माझी टेप खोटं बोलत नाही." बाजारातल्या तीन दुकानांची पायरी तिनं कायमची सोडली. मीही तिच्या बाजूनं मान डोलवायचे. मला काय माहीत!

एकसष्टाव्या वर्षी आत्यानं घर घ्यायचं ठरवलं, कारण ती राहत होती ती इमारत पाडायची होती आणि महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि चार ट्रंका एवढा तिचा संसार. तो आजवर अकरा वेळा हलला होता. "बाराव्यांदा हलवेन तो माझ्या घरात," ती म्हणाली.

घर मी शोधलं, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याही डोक्यावर आलं. एका अरुंद रस्त्याला सहा जुनी घरं, भिंतीला भिंत लागून, सगळ्यांवर मिळून एकच छप्पर. त्यातलं तिसरं. मालक निवृत्त पोस्टमास्तर, लेकीकडे राहायला निघालेले. वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती आणि तिच्या मोठ्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड यायचा. आत्या त्या उजेडात हात धरून उभी राहिली. "इथे मशीन. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेल मला," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कापला, तेव्हा मला कळलं की हे घर गेलं तर ही बाई खचेल.

आणि नेमकी तीच खोली अडचणीची निघाली. ती शेजारच्या, म्हणजे चौथ्या घराच्या स्वयंपाकघरावर उभी होती.

वकिलानं कागद चाळून सांगितलं, "पूर्वी ही दोन्ही घरं एकाच माणसाची होती. दोन मुलींना देताना त्यानं सरळ रेघ मारून वाटणी केली नाही, खोल्या वाटल्या. आणि ही वरची खोली लिहायचीच राहून गेली. उद्या चौथ्या घरानं म्हटलं, आमच्या डोक्यावरची खोली आमची, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे?"

"मग?" आत्यानं विचारलं.

"त्यांच्याकडून लिहून आणा. वरची खोली तिसऱ्या घराची, मधली भिंत दोघांची. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत सही पाहिजे. नाहीतर मी तुम्हाला हे घर घेऊ देणार नाही."

पोस्टमास्तरांकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. तेही शुक्रवारपर्यंतच थांबणार होते.

चौथ्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणायची. मिस्टर जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांनी आम्हाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. "चाळीस वर्षं डोक्यावर दुसऱ्यांचीच पावलं ऐकतेय. ती खोली माझी कुठून असायला? आणा उद्या कागद, करते सही."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण आत्याला तिसऱ्या घरात जाऊन पडद्यांची मापं घ्यायची हुक्की आली. खिडक्या झाल्या आणि हात थांबेना, म्हणून तिनं पुढची खोलीही मोजली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कागदावर होते पंधरा फूट. टेप भरली चौदा फूट सात इंच. तिनं पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही तेच. तिच्या कपाळावरची शीर तटतटली.

"ही मधली भिंत कधी हलवली होती का हो?" तिनं पोस्टमास्तरांना विचारलं.

त्या भल्या माणसानं सहज सांगितलं, "ओल आली होती, तेव्हा बाईंच्या मिस्टरांनी पाडून नवी बांधली. वीसेक वर्षं झाली. स्वतः उभं राहून करून घेतली त्यांनी."

"पाच इंच खाल्ले," आत्या म्हणाली.

"आत्या, तुझ्या पाया पडते, आधी सही होऊ दे. पाच इंचांनी काय होतंय?"

"पाच इंचांत बाही होते. आणि चोरी ती चोरीच."

मी हात धरेपर्यंत ती बाईंच्या पायरीवर पोचलीसुद्धा. सगळ्या गल्लीनं ऐकलं. "तुमच्या मिस्टरांनी भिंत आमच्याकडे सरकवलीय, पाच इंच! या, मोजून दाखवते."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "ते तसे नव्हते हो."

"टेपला माणसं कळत नाहीत, बाई. टेपला माप कळतं."

बाईंनी दार लावून घेतलं. आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं, इतक्या हलक्या हातानं लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेले. दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीची एक फळी उघडली आणि आतून बाई म्हणाल्या, "आधी मला कळू दे काय खरं ते. मग बघू सहीचं." फळी लागली. पुढे दोन दिवस मी नुसतीच पायरीवर उभी राहून परत आले. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज यायचा.

इकडे आत्या मशीनवर चादरी बांधत होती. कुठे न्यायची, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "पाच इंचांपायी अख्खी खोली घालवतेस तू!" मी शेवटी ओरडलेच. "जा आणि माफी माग."

"मी? खरं बोलल्याबद्दल?" तिनं गाठ इतकी आवळली की चादर टरकली. मग पाठमोरी होऊन म्हणाली, "तो उजेड पुन्हा नाही मिळायचा मला." पण गेली नाही. हट्टीपणात आमच्या घराण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि मला तिचा खरोखर राग आला होता.

शेवटी वकीलच म्हणाला, "मोजणीवाल्याला बोलवा. भिंत सरकली असेल तर तसं लिहू, पण नक्की तरी कळू दे."

मोजणीवाला उगवला तो शुक्रवारी दुपारी अडीचला. त्यानं स्टीलची टेप ताणून धरली आणि वाचलं, "पंधरा फूट. बरोब्बर."

"शक्य नाही," आत्या म्हणाली. "माझ्या टेपनं मोजा."

त्यानं दोन्ही टेपा फरशीवर शेजारी शेजारी अंथरल्या. आत्याच्या टेपचा साठाचा आकडा त्याच्या पावणेबासष्ट इंचांपाशी पोचला होता. मोजणीवाला हसला. "मावशी, ताणून लांब झालीय ही, म्हणून माप कमी भरतं. कापडी टेप वर्षा-दोन वर्षांनी टाकून द्यायची असते."

आत्या मटकन खाली बसली. मला आधी उलगडेना, की मग इतक्या वर्षांचे कपडे अंगावर बसले कसे? पण अंगाचं माप याच टेपनं घेतलेलं आणि कापडही याच टेपनं कापलेलं. चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून कधी दिसलीच नाही. दुसऱ्याच्या मापाशी गाठ पडली ती फक्त कापडवाल्यांची आणि या भिंतीची.

"ते तीन दुकानदार," आत्या हळूच म्हणाली. मग तिचे डोळे भरले. "आणि बाई."

तिनं टेप गळ्यात घातली नाही. तिथेच फरशीवर सोडली आणि उठली. साडेतीन वाजत आले होते. मी कागद आणि पेन घेऊन मागे धावले.

तिसऱ्यांदा कडी वाजवल्यावर दार उघडलं. आतलं सगळं सामान एका कोपऱ्यात लोटलेलं होतं. फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या, एकेक फुटावर, एकीखाली एक चार ओळी. मध्ये शाळेतली लाकडी फूटपट्टी पडली होती. बाईंच्या साडीला गुडघ्यांपाशी धुळीचे डाग होते.

"आठ दिवस मोजतेय," त्या म्हणाल्या. "माझीही खोली पंधरा फुटांचीच हवी. कधी पंधरा भरते, कधी चार इंच जास्त. पट्टी सरकते, गुडघे टेकवत नाहीत. काही नक्की कळतच नाही."

"भिंत जागच्या जागी आहे, बाई," आत्या म्हणाली. "माझी टेप खोटी होती. मी चुकले."

हे दोन शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. बाईंनी हात पुढे केला, कागद नीट वाचला आणि वळणदार अक्षरात सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

पेन परत देताना त्या म्हणाल्या, "तुमचं काही मनात ठेवत नाही मी. पण सहा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मी त्यांच्याशी मनातल्या मनात बोलले नाही. हे आठ दिवस बोलले नाही. चोर समजले मी त्यांना." त्यांनी फरशीवरच्या खुणांकडे पाहिलं. "आता त्यांची माफी मी कशी मागू, सांगा."

आत्याचा हात सवयीनं गळ्याशी गेला. तिथे टेप नव्हती. पाच वाजायच्या आत कागद पोचवायला मी एकटीच पळाले.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आत्या दरवर्षी नवी टेप आणते. तिन्ही दुकानांत जाऊन आली. एकानं चहा पाजला, एकानं पुन्हा पाय ठेवू नका म्हणून सांगितलं, एक वारला होता. वरच्या खोलीत तिची मशीन चालतात. दुपारी खाली बाई झोपतात, तेव्हा बंद असतात.

पुढच्या खोलीत कॅलेंडर, आरसा, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे हँगर, सगळं तीन भिंतींवर दाटीवाटीनं टांगलेलं आहे. मधली भिंत कोरी. मागच्या महिन्यात आरसा तिकडे उजेडात लावावा म्हणून मी खिळा घेऊन गेले, तर आत्यानं माझं मनगट धरलं.

"तिला हात लावू नकोस," ती म्हणाली. "ती बाईंच्या मिस्टरांनी बांधलीय."