दंडुक्याचं बटण

"येऊन राह्यली बरं, येऊन राह्यली!"

कोणत्याही दारातून आत शिरण्याआधी बाई हे दोनदा म्हणायची. म्हणायची कसली, आरोळीच ठोकायची. आधी खाकरायची, मग हातातली काठी आपटायची आणि मग ही आरोळी. माझ्या दुकानाला दार नाही, उंबरा नाही, नुसतं शटर आहे आणि ते सकाळपासून उघडंच असतं. तरी ती शटरच्या पट्टीवर काठी वाजवल्याशिवाय आत पाय टाकायची नाही. पहिल्या दिवशी मी इतका दचकलो की हातातला टीव्हीचा बोर्ड खाली पडला.

"काऊन वो बाई, एवढ्या जोरात?"

"सांगून याव माणसानं," ती म्हणाली. "अस्वलाले एकदम भेटलं का ते अंगावर येते. तुहं बी काय सांगता येते?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जंगलाबाहेर येऊन वर्षं झाली तरी पाय जंगलातल्यासारखेच टाकणारी. बाईचं गाव सावली तालुक्याच्या पुढे, वैनगंगा ओलांडून आत. लेक आणि जावई इकडे चंद्रपुरात, म्हणून ती इकडे. माझ्या दुकानाच्या पायरीवर टोपली घेऊन बसायची. उन्हाळ्यात तेंदूची फळं म्हणजे टेंभरं आणि चारोळीची चारं, पावसाळ्यात बांबूचे कोंब, रानभाज्या. दुपारी बारानंतर ऊर्जानगरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा गिऱ्हाईक कुठलं? मग ती काठी वाजवून आत यायची आणि कूलरसमोर बसायची.

आता माझंही सांगून टाकतो. दुकान अब्बांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. पुढच्या भागात अजून तेच चालतं. मागच्या भागात मी तीन कॉम्प्युटर मांडलेत आणि दुपारी तिथं बसून व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू करतो. खेळ कसा आहे, कुठं जमला, कुठं फसला, हे खेळता खेळता सांगायचं आणि चॅनलवर टाकायचं. मराठीत. तेही आपल्या मराठीत, मले-तुलेवाल्या. घरात आम्ही उर्दूमिश्रित हिंदी बोलतो, पण मी मोठा झालो तो या रस्त्यावर, या दुकानात. मला राग येतो, हसू येतं ते या बोलीत. दुसऱ्या बोलीत मी बोलायला लागलो की बँकेत फॉर्म भरतोय असं वाटतं.

त्या वर्षी मार्चमध्ये चोरपावलांचा एक खेळ आला. दोन चोर अंधारातून, पहारेकऱ्यांची नजर चुकवून, एका मोठ्या वाड्यातली तिजोरी फोडायला निघतात. एकमेकांना खांद्यावर घेऊन भिंत चढायची, एकानं दिवा विझवायचा, दुसऱ्यानं सरकायचं. दोघांनी मिळून खेळायचा भाग असा. दुसरा भाग आमनेसामनेचा: दोन चोर, दोन रखवालदार, चारही खरी माणसं. माझा चुलतभाऊ जावेद एरवी माझा जोडीदार असतो, पण तो कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात लागला होता आणि त्याच्या ड्युटीचा काही भरवसा नव्हता. एका दुपारी मी एकटाच हताश बसलो होतो. बाई म्हणाली, "दे मले. नुसतं चालाचंच तं हाये."

तिला चार बटणं दाखवली. चालणं, वाकणं, दार उघडणं, ठोकणं. आणि आमचे दोन चोर निघाले.

पहिलंच दार. मी अगदी श्वास रोखून भिंतीला चिकटलेलो. बाईनं काय करावं? दारासमोर उभी राहिली आणि ठक्, ठक्, ठक्. आतले तिन्ही पहारेकरी धावत आले आणि आम्हाला आडवं केलं.

"बाई! आवाज नोको करू ना!"

"न सांगता कोणाच्या घरात घुसाव? चोर हाओ का आपण?"

"चोरच आहो, बाई! खेळच तो हाये!"

तिनं बटणांवरून हात काढून घेतले. मग म्हणाली, "मंग हा खेळ काई चांगला नाई."

सहा वेळा खेळलो, सहाही वेळा तिनं दार ठोकलं. तिची बोटं ऐकतच नव्हती. मोहफुलं वेचायला अर्ध्या अंधारात निघायचं तर गावातल्या बाया हाका मारत, काठ्या वाजवत जातात. अस्वलही तीच फुलं खायला आलेलं असतं. गुपचूप जाणारी बाई म्हणजे मूर्ख बाई, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. मी मात्र मनात धरून बसलो होतो की जंगलातलं माणूस म्हणजे चोरपावलांचा उस्ताद. कुठून शिकतो आपण हे असलं, कोण जाणे.

तिचं ते 'काई चांगला नाई' मी रिव्ह्यूत जसंच्या तसं घातलं. लोक पोट धरून हसले. मी पुढे माझंही मत दिलं: जोडीनं खेळायचा भाग झकास, अंधार-उजेड नंबर एक, पण आमनेसामनेच्या भागात रखवालदारांवर अन्याय. त्यांच्या हातात दंडुका दिलाय, तो नुसता भिंतीवर, कठड्यावर वाजवता येतो. मारता येत नाही, फेकता येत नाही. "हे बटन कायले देल्लं? फुकटचं बटन हाये!" असं मी जोरात म्हणालो.

तिथंच घोळ झाला. नागपूरच्या एका मोठ्या चॅनलवरच्या दोन पोरांनी माझा रिव्ह्यू घेऊन त्याची टर उडवली. खेळाबद्दल बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण ते बोलले माझ्या बोलीबद्दल. माझे 'मले', 'तुले', 'कायले' एकामागून एक जोडून वाजवले आणि म्हणाले, रिव्ह्यू करतोय की भाजी विकतोय? अरे, नागपूरचे तुम्ही! तुमच्या आज्या घरात काय ज्ञानेश्वरी बोलतात का? माझं टाळकं सटकलं. त्यांच्या थेट कार्यक्रमात फोन लावला आणि भांडलो.

तर ते थंडपणे म्हणाले, "मग खेळ ना आमच्याशी. तीन डाव. तू रखवालदार, आम्ही चोर. हरलास तर यापुढे रिव्ह्यू शुद्ध मराठीत करायचा. जिंकलास तर आम्ही एक अख्खा रिव्ह्यू तुझ्या भाषेत करतो."

रखवालदार जिंकू शकत नाहीत असं मीच सांगून बसलो होतो. तरी रागाच्या भरात हो म्हणालो. फोन ठेवल्यावर कळलं, काय मान्य करून बसलो. चॅनल बंद पडलं असतं तर सोसलं असतं. पण चॅनल चालू आणि त्यात तोंड दुसऱ्याचं? ते मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीनला सामना ठरला. दोनला जावेदचा फोन: "भाई, बदलीचा माणूस आला नाही, मला सुटी नाही." मी डोकं धरून बसलो. नेमकी शटरवर काठी वाजली.

"येऊन राह्यली बरं, येऊन राह्यली!" आणि माझं तोंड पाहून, "काय झालं बापू? कोणी मेलं का?"

सगळं सांगितलं. तिनं टोपली आत आणली, पदर खोचला आणि जावेदच्या खुर्चीत बसली. "चोर नाई ना बनाचं? रखवाली करूच. जिंदगीभर धानाची रखवालीच केली."

पहिला डाव आम्ही वाईट हरलो. बाईनं पहिल्या मिनिटापासून दंडुका वाजवायला सुरुवात केली, मी "आवाज बंद कर वो!" म्हणत तिच्याकडे धावलो आणि तेवढ्यात मागच्या दारानं चोरांनी तिजोरी उघडली. ती पोरं हसत होती. त्यांना माझ्या माइकमधून बाईचा आवाज ऐकू गेला होता. "आजीला घेऊन आलायस का?"

बाईनं ते ऐकलं. मी आमचा माइक घाईनं बंद केला. रागावली ती माझ्यावर.

"तू काऊन पयला? तुले जागा सोडाले कोणी सांगतलं?"

"मग काय करू? तू ठोकून राह्यली, त्याईले समजते ना तू कुठी हायेस!"

"समजलंच पाह्यजे!" तिनं काठी फरशीवर आपटली. "धानात डुक्कर शिरलं तं काय करतो आमी? एक जन डबा वाजवते. डुक्कर आवाजापासून पयते. पयते तं कुठी जाते? जिथी आवाज नाई, तिथी. तिथी दुसरा माणूस चूप बसला पाह्यजे. तू तं दोन्ही जागी धावतं! बस तिकडे त्या अंधाऱ्या दाराजवळ. हालशीन तं पाह्य."

आवाज करून जनावर हाकलत आणायचा असा हाका आमच्या जिल्ह्यातलं लहान पोरही ओळखतं. आणि मी, इथंच वाढलेलो, त्या बटणाला फुकटचं म्हणून मोकळा झालो होतो.

दुसरा डाव. बाई पूर्वेकडून ठोकत निघाली. कठडा, दार, खांब, पुन्हा कठडा. सावकाश, एका लयीत. मी पश्चिमेच्या दाराआड बसलो, बोटं बटणावर, घाम कानामागून खाली. दोन मिनिटं. तीन मिनिटं. आणि आली की जोडगोळी, वाकून, मागं बघत बघत, थेट माझ्या पुढ्यात! एकाला धरला, दुसरा वळला तर समोर बाई. एकाच ठिकाणी दोघं गारद. मी खुर्चीतून असा उठलो की कूलरची पिन निघाली.

"बस ना खाली," बाई म्हणाली. "अजून एक डाव हाये."

तिसऱ्या डावाला पोरं हसत नव्हती. त्यांना डाव कळला होता. त्यांच्यातला एक म्हणालाच, "आता आवाजाकडेच जाऊ, दुसरा माणूस तिथं नसणार." अगदी बरोबर बोलला. मी बाईकडे पाहिलं. तिनं दोनदा ठोकलं आणि बटणावरून बोट उचललं.

वाडा चिडीचूप. स्क्रीनवर काही हलेना. मी कुजबुजलो, "बाई, ठोक ना."

"चूप. डबा वाजते तोपर्यंत डुकराले कळते माणूस कुठी हाये. डबा बंद झाला का त्याले कळतच नाई. मंग ते हालते."

एक मिनिट गेलं. खरं सांगतो, एवढं लांब मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही. चोर जिन्याखाली लपले होते, हे नंतर त्यांच्याच व्हिडिओत पाहिलं. एक म्हणतोय, "कुठंय ती?" दुसरा म्हणतोय, "मागे असेल रे!" आणि घाबरून दोघांनी तिजोरीकडे धूम ठोकली. तिजोरीसमोरच्या अंधारात बाई उभी होती. बिलकुल आवाज न करता, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं दिवा पेटवला. एक पकडला गेला, दुसरा माझ्या दाराकडे पळाला आणि मी कुठं हललो होतो?

जिंकलो! मी ओरडलो, रडलो, बाईचे पाय धरले. समोरचा पंक्चरवाला धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला. बाईनं टोपलीतली मूठभर चारं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खाय. तोंड सुकलं तुहं."

पोरांनी शब्द पाळला, हे मानलं पाहिजे. आठवड्यानं त्यांचा एक रिव्ह्यू आला, अख्खा आपल्या बोलीत. बाईला दाखवला. तिनं शेवटपर्यंत पाहिला. "बोलते चांगलं. पन 'मले' म्हनतांनी लाजते काऊन? आपल्या मायशी बोलल्यावानी बोल म्हना." मी ते त्यांना जसंच्या तसं कळवलं. त्यातल्या एकाचं उत्तर आलं, आजीला नमस्कार सांगा.

मीही माझा रिव्ह्यू नव्यानं केला. चुकलो म्हणून कबूल केलं. दंडुक्याचं बटण हेच खेळातलं सगळ्यात भारी बटण, आणि ते मला एका बाईनं शिकवलं, असं सांगितलं. नाव घेऊ का विचारलं तर तिनं कानाला हात लावले. "नोको बापू. गावात म्हनतीन, लेकीकडे जाऊन टीवी खेयते." म्हणून इथंही घेत नाही.

मे महिन्यात ती विडीची तेंदूपानं तोडायला गावी गेली ती परत आली नाही. गावाला जंगलाचा हक्क मिळाला होता, पानं आता ग्रामसभाच विकणार होती आणि बाईला समितीवर घेतलं होतं. पायरीवर आता दुसरी एक बाई काकड्या विकते. मुकाट आत येते, पाणी पिते, जाते. दुपारी मी एकटाच बोलत असतो स्क्रीनशी. करमत नाही, हे कबूल करायला मला काही लाज नाही.

यंदा हंगामाच्या आधी तिचा फोन आला. पानाच्या भावाची बोलणी करायला शहरातून माणसं आली होती, कागद घेऊन.

"मंग? बोलली का तू?"

"बोलली ना. पह्यले दोन डाव चूपच बसली होती. त्याईचं मराठी भारी, माहं तुटकं. मंग तुही याद आली. तू तुह्या बोलीसाठी भांडला ना. म्हनलं, मी काऊन नाई? मी गोंडीत बोलली. सारंच गोंडीत."

गोंडी ही तिच्या घरची बोली. दोन वर्षं ती माझ्या कूलरसमोर बसून माझ्या बोलीत माझ्याशी बोलत होती, आणि तिची बोली कोणती, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मग ते लोक काय म्हणाले, बाई?"

"काय म्हनतीन? त्याईले एक शब्द समजला नाई." ती मोठ्यानं हसली. "समजून सांगाले त्याईनं शेजारच्या गावातून मानूस आनला. तो येयेपर्यंत तीन घंटे बसले बिचारे, झाडाखाली. आमी त्याईले पानी देल्लं."