आधी सलीमच्या घरी

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "तुले कोणी सांगितलं? अन् त्याले कोणी?" रडू नंतर आलं. ही खोड मूळ सलीमची. बुलढाण्याच्या कॉलेजात आम्ही दोघं कॉम्प्युटर शिकवायचो, टेबलाला टेबल लावून. ती मला लागणारच होती.

सलीमचा कशावर म्हणजे कशावरच भरवसा नव्हता. चहाचा कप नाकाशी नेऊन विचारायचा, "दूध कुठलं बे?" मेहकर त्याचं गाव, पण एस.टी.ची पाटी वाचूनही कंडक्टरला दरडावायचा, "मेहकरलेच जाऊन राह्यली ना?"

पोरांनी लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करून देणारा नवा कंपायलर त्यानं लॅबसाठी मुळापासून बांधला, तेव्हा तर त्याला रंगमंचच मिळाला. कंपायलर झाला झकास, पण त्यातून निघालेला प्रोग्राम सुरू होताच मान टाकायचा. सलीमनं दार लोटलं, आवाज खाली आणला. "प्रोग्राम सगळं सामान संगं नेत नाही. चालता चालता लायब्ररीतून घेते, तयार तुकड्यांच्या कोठारातून. अन् कोणत्या? पहिली दिसली ते! तिथं जुनी बसली आहे दबा धरून."

"मग?"

"मग कंपायलर बांधतानाच पत्ता कोंबायचा त्याच्यात. निघाला प्रोग्राम की आधी आपल्याच पत्त्यावर जाईन."

त्यानं पत्ता कोंबला, प्रोग्राम पळू लागले. कुठला पत्ता दिला विचारलं, तर डोळे बारीक करून म्हणाला, "तुले काऊन पाह्यजे?"

सलीम गेल्यानंतरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली. सर्व्हर सांभाळणाऱ्या वैशालीमॅडम म्हणाल्या, "सर, सलीमसरांचं सर्व्हरवरचं खातं फायलींसकट पुसून टाकते. आता कोन वापरते?" बोलणं सरळ होतं... म्हणूनच मला खटकलं.

"थांबा. एखाद्या प्रोग्रामले विचारा आधी, तू लायब्ररी कुठून घेतं?"

मॅडमनी आज्ञा दिली. पडद्यावर पत्ता उमटला, आणि त्यात सलीमचं नाव! सगळ्यांची म्हणून जी जागा असते तिथं या गड्यानं लायब्ररी ठेवलीच नव्हती. ठेवली होती स्वतःच्या खात्यात. ते पुसलं असतं, तर परीक्षेच्या सकाळी पोरांचे सगळे प्रोग्राम एकदम आडवे!

"अशी चूक करते का कोनी?" मॅडमनी कपाळाला हात लावला. "कंपायलर नव्यानं बांधा लागते."

"हाव. परीक्षा होऊ द्या."

परीक्षा सुरळीत पार पडली. ती खरंच चूक होती, की आपल्याला कोणी सहज पुसू नये म्हणून केलेला डाव? माझा अजून दाट संशय आहे. कंपायलर काही नव्यानं बांधला गेला नाही. मॅडम विसरल्या म्हणतात, तेही मला खरं वाटत नाही. मीही आठवण करून देत नाही. लॅबमधला प्रत्येक प्रोग्राम अजून आधी सलीमच्या घरी जातो... आणि सुरू व्हायला क्षणभर जरी उशीर झाला, तरी मला दाराआडून ऐकू येतं, "कोणी धाडलं बे तुले?"