विहिरीपर्यंतची वाट
जुन्या ट्रंकेत एका गेमची ओरखडे पडलेली सीडी सापडली आणि डोकं पुन्हा तापलं. नांदेडहून लातूरला क्लाससाठी आलो, तेव्हा खोलीवर हा गेम खेळायचो. राक्षस कापायला लई मजा यायची, पण गेम सेव्ह व्हायचा फक्त त्यातल्या गावच्या विहिरीपाशी, आणि आपला वीर चालायचा पाय मोडल्यासारखा. एका दुपारी जमीन हादरली. सगळी गल्ली रस्त्यावर पळाली. मी मात्र वीराला विहिरीकडे हाकत बसलो. बाहेर पळालेला रूम पार्टनर मला न्यायला परत आला. लहानपणी भूकंपात त्याचं घर गेलं होतं. "मरायचं हाय का तुला?" तो म्हणाला. "विहीर आलीच, थांब," मी म्हणालो. तो थांबला, चौकट घट्ट धरून. ती विहीर एवढी लांब ठेवणाऱ्याला मी आजवर शिव्या देत आलो. तेवढा सगळा वेळ माझा पार्टनर छताखाली उभा होता, हे आज ध्यानात आलं.